मुंबई ते लंडन: अंतर तेच, तास निराळे

मुंबई ते लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. मोठं प्रवासी विमान ताशी नऊशेच्या आसपास उडतं. म्हणजे आठ तास, झाला हिशेब! तिकिटावर मात्र जाताना साडेनऊ-दहा तास दिसतात आणि येताना नऊच्या आसपास. हे वरचे तास जातात कुठे?

मुळात ‘सरळ’ म्हणजे काय ते बघू. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ इराणचं आखात, इराक आणि तुर्कस्तानवरून जाते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरा, तो बराच उत्तरेला सरकतो: सौराष्ट्र, सिंध, इराण, कास्पियन समुद्राचा कोपरा, कॉकेशस, युक्रेन, मग झेक प्रजासत्ताक आणि जर्मनी. सर्वांत जवळचा रस्ता हाच. पण त्यावरून जाऊ देतो कोण? युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही भारतीय कंपन्यांची वाट अडवली. मग अरबी समुद्रावरून ओमानकडे वळायचं आणि पुढे तुर्कस्तान गाठायचं. परदेशी कंपन्यांना मात्र पाकिस्तानवरून जायची मुभा राहिली. या अडवणुकीची झळ दिल्लीकरांना जास्त बसली. आपल्याला समुद्र जवळ, एवढंच काय ते सुख.

दुसरा वाटेकरी वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग कधी कधी ताशी दोनशे-तीनशे किलोमीटरवर जातो. लंडनला जाताना हा वारा तोंडावर येतो, परतताना तोच पाठीवर घेऊन विमान घरी लवकर पोचतं. इंधनाचा हिशेबही त्यावरच बसवावा लागतो.

एवढं करून लंडन आलं, तरी हीथ्रोची रांग असतेच. विमानतळाभोवती बिगिन हिल, लॅम्बोर्न, बॉव्हिंग्डन आणि ऑकम अशी घिरट्यांची चार ठिकाणं ठरलेली आहेत. तिथे विमानं हजार-हजार फुटांच्या अंतराने एकावर एक फिरत राहतात. सर्वांत खालचं उतरायला सुटलं की वरची एकेक पायरी खाली येतात. खिडकीतून तीच हिरवी शेतं दुसऱ्यांदा दिसली, तर समजा आपण रांगेत आहोत.

तक्रार करण्यापूर्वी जुने आकडे आठवावेत. १९३१ च्या गोलमेज परिषदेसाठी गांधीजी ‘राजपुताना’ बोटीने २९ ऑगस्टला मुंबईहून निघाले आणि १२ सप्टेंबरला लंडनला पोचले. तेही मार्सेलला उतरून पुढचा बहुतेक पल्ला जमिनीवरून काटल्यामुळे. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ कैरो आणि जिनिव्हा करत निघालं आणि १० जूनला लंडनला उतरलं. त्यात जेआरडी टाटा स्वतः होते. १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आलं आणि तिचं जेटयुग सुरू झालं. त्यानंतर विमानांचा वेग फारसा वाढलेलाच नाही; मधले थांबे तेवढे गळाले.

तिकिटावरची वेळ विमान दारातून मागे सरकल्यापासून पलीकडच्या दाराशी लागेपर्यंतची असते. धावपट्टीकडे रेंगाळणं त्यातच आलं. पासपोर्टची रांग आणि बॅगांचा पट्टा मात्र त्यात धरलेला नसतो. तेव्हा हीथ्रोहून पुढची बस किंवा रेल्वे पकडायची असेल, तर उतरण्याच्या वेळेनंतर निदान तीन तास हातात ठेवा.