काठी कोणत्या हातात?

पाय अधू असेल त्याच बाजूच्या हातात काठी धरायची, असे आमच्या घरातील सर्वांनाच वाटत होते. गेल्या वर्षी आजी न्हाणीत पडली आणि तिच्या डाव्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे वॉकर झाला आणि मग काठी आली. आजीने ती डाव्या हातात धरली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी ती काढून उजव्या हातात दिली. बाई कन्नडमध्ये सांगत, मी आजीला मराठीत. 'आधार' हा शब्द तेवढा दोघींना माझ्यावाचून कळला!

कारण सोपे आहे. डाव्या पायावर उभे राहताना तोल सांभाळण्यासाठी त्या खुब्याच्या स्नायूंना फार जोर लावावा लागतो. उजव्या हातातील काठी तो ताण हलका करते. काठी व अधू पाय बरोबर पुढे टाकावेत, मग चांगला पाय. हात सैल सोडून ताठ उभे राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या रेषेपाशी यावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी.

पण एवढ्याने भागले नाही. आजी संध्याकाळनंतर पाणीच पिईना. खोदून विचारले तेव्हा म्हणाली, "रात्री तुम्हाला उठवायचं जिवावर येतं रे." मग बाबांनी संडासाच्या भिंतीत धरायला दांडा बसवला, बैठक उंच केली, वाटेत रात्रभर छोटा दिवा ठेवला. आता ती एकटी जाऊन येते.

जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात २५० कोटींहून अधिक लोकांना अशा एखाद्या तरी साधनाची गरज आहे. चष्माही त्यातच येतो, आणि चष्मा लावणाऱ्याला आपण परावलंबी म्हणत नाही! २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून गरीब ज्येष्ठांना काठी, वॉकर, श्रवणयंत्र अशी साधने मोफत देतात. मात्र माप घेतले नाही आणि वापर शिकवला नाही, तर काठी कोपऱ्यातच राहायची.

घरखर्चाची वही माझ्याकडे असते. दांड्याची रक्कम मी आधी 'किरकोळ दुरुस्ती'त टाकली होती. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे शोभत नाही, म्हणून ती खोडून 'स्थावर मालमत्ता' या सदरात नेली. वर्षानुवर्षे उपयोगी पडते ती मालमत्ता, असे आम्ही वर्गात शिकतो. आजीच्या उशाशी आता रात्री पाण्याचा तांब्या भरलेला असतो.