घरच्या सायकलला मोटर लावायचीय? हब की मिड-ड्राइव्ह, आधी रस्ता बघा

घर ते वसई किंवा नालासोपारा स्टेशन, रोज तीन-चार किलोमीटर. रिक्षाच्या रांगेत उभं राहून कंटाळा आला की जुन्या सायकलला मोटर बसवायचा विचार डोक्यात येतोच. पण किट कोणतं घ्यायचं?

किती ताकद लागते?
सायकल आणि स्वार मिळून १०० किलो धरा. सपाट रस्त्यावर ताशी २० किमी वेगाला साधारण १०० वॅट पुरतात. ६ टक्के चढावर ताशी १५ किमीने जायचं तर नुसतं वर चढायलाच सुमारे २४५ वॅट जादा लागतात. म्हणजे खरा फरक चढामुळे पडतो.

पर्याय कोणते?
*गिअर असलेली हब मोटर:* चाकाच्या मधोमध बसते, हलकी असते. बंद असतानाही पेडल मारणं जड जात नाही.
*बिनगिअरची हब मोटर:* आवाज कमी, झिजणारे भाग कमी. पण वजनदार, आणि बंद असताना थोडी ओढ जाणवते.
*मिड-ड्राइव्ह:* पेडलपाशी बसते आणि सायकलचेच गिअर वापरते, म्हणून चढाला उत्तम. मात्र महाग, आणि चेन लवकर झिजते. एकाच गिअरच्या साध्या सायकलला तिचा मोठा फायदा मिळत नाही.

वसईचा किल्ला किंवा अर्नाळ्याकडचा किनारपट्टीचा भाग बहुतेक सपाट आहे. तिथे गिअरवाली हब मोटर पुरते. रोज तुंगारेश्वरच्या बाजूचा चढ असेल आणि सायकलला गिअर असतील, तरच मिड-ड्राइव्हचा विचार करा.

हब मोटर शक्यतो लोखंडी चिमट्याच्या सायकललाच लावा आणि टॉर्क आर्म बसवा. नाहीतर मोटरच्या जोराने एक्सल खाचेत फिरून चाक निसटू शकतं. ब्रेकही आधी तपासून घ्या.

बॅटरी किती?
३६ व्होल्ट गुणिले १० अँपिअर-तास म्हणजे ३६० वॅट-तास. पेडल मारत चालवलं आणि किलोमीटरला १२ वॅट-तास खर्च धरला, तर ३० किमी. स्टेशनच्या फेऱ्यांना हे भरपूर आहे.

इथे काटकसर मात्र नको. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला. म्हणून बीएमएस असलेली बॅटरी आणि तिचाच चार्जर वापरा. रात्री झोपताना चार्जिंग नको, दाराच्या वाटेत तर नकोच. फुगलेली किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका. पावसाळ्यात आपल्याकडे पाणी तुंबतं, त्यामुळे कंट्रोलर आणि बॅटरी उंचावर बसवा. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं की उतरून वाट बदला.

कायदा काय म्हणतो?
केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी असेल, तर ते वाहन 'मोटार वाहन' धरलं जात नाही. पण ही सूट पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेने तपासलेल्या वाहनाला आहे. घरी जोडलेली सायकल आपोआप त्यात बसत नाही. १००० वॅटचं किट लावलं तर सुटीचा प्रश्नच उरत नाही.

थोडक्यात, सपाट रस्ता असेल तर २५० वॅटच्या आतली गिअरवाली हब मोटर घ्या. वाचलेले पैसे चांगली बॅटरी आणि ब्रेकवर घाला.