ब्लूबेरीवरील जिवाणूजन्य पानकरपा

ब्लूबेरीवरील जिवाणूजन्य पानकरपा हा झायलेला फास्टिडिओसा या जिवाणूमुळे होणारा वनस्पतिरोग आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील बागांमध्ये तो प्रथम लक्षात आला. त्याची लक्षणे पाण्याच्या ताणासारखी दिसत असल्याने केवळ निरीक्षणावरून निदान करता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणी आवश्यक असते.

लक्षणे

प्रथम पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात. करपलेला भाग व हिरवा भाग यांच्यामध्ये अनेकदा गडद रेषा दिसते. सुरुवातीला एखाद्या फांदीपुरता असलेला हा प्रादुर्भाव हळूहळू संपूर्ण झुडपावर पसरतो. पुढे पाने गळतात, कोवळ्या फांद्या पिवळसर पडतात आणि झुडूप सांगाड्यासारखे दिसू लागते. अखेरीस ते मरते.

रोगाची प्रक्रिया

हा जिवाणू वनस्पतीच्या जलवाहिन्यांमध्ये राहतो. तेथे त्याच्या पेशी एकमेकींना व वाहिनीच्या भिंतीला चिकटून थर तयार करतात. त्यामुळे पाण्याचा प्रवाह अडतो आणि जमिनीत पुरेसा ओलावा असूनही पाने करपतात. जलवाहिन्यांमधील रस शोषणारे तुडतुडे या जिवाणूचा प्रसार करतात. रोगट झाडापासून तयार केलेल्या कलमांमधूनही तो पसरू शकतो.

साधर्म्य असलेले विकार

पाण्याची कमतरता व खतांतील क्षारांचा अतिरेक यांमुळेही पानांच्या कडा करपतात. फायटोफ्थोरामुळे होणाऱ्या मूळकुजीत मुळे काळसर पडून कुजतात, तर बोट्रिओस्फेरिया या बुरशीमुळे होणाऱ्या फांदीकरप्यात फांदी कापल्यास आतील लाकूड तपकिरी दिसते. जिवाणूजन्य पानकरप्यात मात्र सुरुवातीच्या अवस्थेत मुळे निरोगी दिसतात. हा फरक संशय घेण्यास पुरेसा असला, तरी निष्कर्ष काढण्यास पुरेसा नसतो.

कारणनिश्चिती

रोगट झाडात एखादा जिवाणू आढळला, एवढ्यावरून तोच रोगाचे कारण आहे असे सिद्ध होत नाही. त्यासाठी जर्मन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या नावाने ओळखले जाणारे निकष वापरले जातात. त्यांनुसार जिवाणू रोगट झाडातून वेगळा करून शुद्ध स्वरूपात वाढवावा लागतो. तो निरोगी झाडात टोचल्यावर तीच लक्षणे दिसावी लागतात आणि त्या झाडातून तोच जिवाणू पुन्हा मिळावा लागतो. तुलनेसाठी काही झाडांना जिवाणूविरहित द्रव टोचला जातो.

झायलेला फास्टिडिओसाच्या बाबतीत ही परीक्षा अवघड ठरते. हा जिवाणू सामान्य पोषक माध्यमावर वाढत नाही आणि विशेष माध्यमावरही त्याच्या वसाहती दिसण्यास एक ते अनेक आठवडे लागतात. त्याच्या नावातील ‘फास्टिडिओसा’ हा शब्द याच चोखंदळपणाचा निदर्शक आहे. याच जिवाणूमुळे होणाऱ्या द्राक्षवेलींच्या रोगाचे वर्णन न्यूटन पीअर्स यांनी १८९२ मध्ये केले होते. परंतु तो विषाणूजन्य असल्याचा समज अनेक दशके कायम होता. १९७३ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रोगट वेलींच्या जलवाहिन्यांत जिवाणू दिसले आणि १९७८ मध्ये ते वाढवून रोगाचे कारण सिद्ध करण्यात आले. जिवाणूला आजचे नाव १९८७ मध्ये मिळाले. ब्लूबेरीच्या बाबतीत कॉखचे निकष पूर्ण झाल्याचे संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

नेहमीची तपासणी

कारण एकदा सिद्ध झाल्यानंतर प्रत्येक नमुन्यासाठी संपूर्ण परीक्षा करावी लागत नाही. लक्षणे असलेल्या, परंतु पूर्ण न वाळलेल्या पानांचे देठ व मध्यशिरा घेऊन एलायझा किंवा पीसीआर चाचणी केली जाते. एलायझा चाचणी प्रतिपिंडांच्या साहाय्याने, तर पीसीआर डीएनएच्या आधारे जिवाणू ओळखते. झाडात जिवाणूंचे वितरण असमान असल्याने रोगट झाडाचा एखादा नमुनाही नकारार्थी येऊ शकतो. म्हणून एकाच झुडपाच्या निरनिराळ्या फांद्यांवरील पाने तपासणे हितावह ठरते.

महत्त्व

बागेतील रोगट झुडूप बरे करणारा उपाय उपलब्ध नाही. पाण्याचा ताण समजून सिंचन वाढवल्यास झाड वाचत नाही आणि तेवढ्या काळात तुडतुड्यांमार्फत शेजारच्या झुडपांना लागण होऊ शकते. म्हणून रोगट झुडपे उपटून नष्ट करणे, निरोगी रोपे लावणे, तुडतुड्यांचे नियंत्रण करणे आणि कमी बळी पडणारे वाण निवडणे यांवर भर दिला जातो. याउलट, चुकीच्या निदानामुळे वाचू शकणारी झुडपेही उपटली जाण्याचा धोका असतो.