मिसिसागा: बिनकर्जाचं शहर आणि ३६ वर्षं टिकलेल्या महापौर

टोरंटोला जाणारी बहुतेक विमानं खरं तर मिसिसागात उतरतात. पीअर्सन विमानतळ याच शहरात आहे. आजचा भाग इथल्या महापौर हेझल मॅककॅलियन यांच्यावर.

आपल्याकडे महापौर सभागृह चालवतात, पण कारभाराच्या चाव्या आयुक्तांकडे. तिकडे महापौरांना थेट जनता निवडते. पण गंमत बघा, हेझलबाईंच्या काळात परिषदेत त्यांनाही एकच मत होतं. मग एवढा दरारा आला कुठून?

१० नोव्हेंबर १९७९ची रात्र. पद मिळून जेमतेम वर्ष झालेलं. मालगाडी घसरली, प्रोपेनचे स्फोट झाले, क्लोरीनच्या टँकरला भोक पडलं. दोन लाखांहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली. बाईंचा घोटा मुरगळला, तरी त्या लंगडत फिरत राहिल्या. एकही माणूस दगावला नाही. लोकांनी हे लक्षात ठेवलं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: पैसा. शेतजमिनींवर घरं उठत होती आणि प्रत्येक नव्या घरामागे बिल्डरकडून विकासशुल्क मिळत होतं. त्यातून रस्ते, ग्रंथालयं, अग्निशमन केंद्रं उभी राहिली. शहरावर कर्ज नाही, कराचा बोजाही कमी. अशा महापौरांच्या विरोधात हात वर करणार कोण? नंतर नंतर तर त्या प्रचारच करेनात. देणगी द्यायची तर धर्मादाय संस्थेला द्या, म्हणायच्या.

पण हे शुल्क एकदाच मिळतं हो! रस्त्याची डागडुजी मात्र कायमची. मोकळी जमीन संपत आली तशी ही आवकही आटली, आणि बाईंच्या शेवटच्या काळात शहराला कर्ज काढावंच लागलं. शिवाय वस्ती इतकी पसरलेली, की गाडीशिवाय पान हलत नाही.

मुलाचे हितसंबंध असलेल्या हॉटेल प्रकल्पासाठी त्यांनी शब्द टाकला, त्याचीही न्यायालयीन चौकशी झाली. ती चालू असतानाच त्या २०१०ची निवडणूक दणक्यात जिंकल्या! २०११च्या अहवालाने हितसंबंधांच्या संघर्षाचा ठपका ठेवला. त्यांना पदावरून हटवण्याचा वेगळा दावा २०१३मध्ये कोर्टाने फेटाळला.

२०१४मध्ये, त्र्याण्णवाव्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. २०२३मध्ये वारल्या, तेव्हा १०१ वर्षांच्या होत्या. गाड्यांच्या त्या शहरात आता लाइट रेलचा मार्ग बांधला जातोय. त्याला नाव कुणाचं दिलंय? हेझल मॅककॅलियन यांचंच.