खोली तीच, भाव मात्र रोज निराळा

कांजूरमार्गहून पवईकडे जाताना लागणाऱ्या हॉटेलांत उतरतात ते बहुतेक कंपनीच्या कामाने आलेले लोक, नाहीतर मुलाला आयआयटीत सोडायला आलेले आईवडील. काउंटरवर तक्रार मात्र सगळ्यांची एकच: ‘ॲपवर तर वेगळा रेट होता!’ यामागे लबाडी असते असं आपण धरून चालतो. क्वचित असतेही, पण बहुतेक वेळा कारण असतं रिझर्व्हेशन सिस्टममध्ये भाव भरायची पद्धत.

समज : प्रत्येक खोलीला एक ठरलेला भाव असतो.
सिस्टममध्ये २०४ नंबरच्या खोलीला सहसा भावच नसतो. भाव असतो डिलक्स, सुपर डिलक्स अशा प्रकाराला, तोही रेट प्लॅननुसार आणि तारखेनुसार. ईपी म्हणजे नुसती खोली, सीपीत सकाळचा नाश्ता, एमएपीत नाश्ता आणि एक जेवण, एपीत नाश्ता आणि दोन्ही जेवणं. तीन प्रकार, चार प्लॅन आणि वर्षाच्या ३६५ रात्री धरल्या तर ४,३८० भाव झाले. एवढे कोणी हाताने भरत बसत नाही. एक मूळ दर भरायचा आणि बाकीचे त्याला जोडून ठेवायचे: सीपी म्हणजे मूळ दर अधिक अमुक रुपये, रद्द न होणारं बुकिंग म्हणजे मूळ दरातून अमुक टक्के वजा. सोय मोठी, पण मूळ दरात एक शून्य कमी पडलं की चूक एका झटक्यात सगळ्या प्लॅनमध्ये आणि जोडलेल्या सगळ्या ॲपवर पोचते.

समज : शनिवार-रविवारी खोल्या महागच असतात.
लोणावळ्यात, अलिबागला हे खरं. कांजूर-पवईचा हिशेब बराचसा उलटा, कारण इथला गिऱ्हाईक सोमवार ते गुरुवारचा. त्यात डिसेंबरात आयआयटीचे मूड इंडिगो आणि टेकफेस्ट हे महोत्सव, शिवाय जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या पलीकडच्या टोकाला गोरेगावच्या नेस्कोतली प्रदर्शनं. अशा तारखांना सिस्टममध्ये वेगळा दर, कधी ‘किमान दोन रात्री’ अशी अटही घातलेली असते. खोली रिकामी असूनही एका रात्रीसाठी ‘उपलब्ध नाही’ दिसते, ती या अटीमुळे.

समज : जीएसटी फलकावरच्या दरावर ठरतो.
जुलै २०१७ ते जुलै २०१८ या पहिल्या वर्षात कराचा टप्पा जाहीर दरावरून ठरे. तेव्हापासून तो प्रत्यक्ष आकारलेल्या रकमेवरून ठरतो, दर खोलीमागे, दर दिवसाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के. आणि वरचा दर फक्त वाढीव रकमेला नाही, सगळ्या रकमेला लागतो. म्हणजे ७,५०० च्या खोलीला पाहुणा ७,८७५ देतो. हॉटेलने शंभर रुपये वाढवून ७,६०० केले की तोच पाहुणा ८,९६८ देतो. शंभराच्या वाढीला १,०९३ चा फटका! म्हणून दर भरणाऱ्याला ७,५०० च्या आसपास फार जपून चालावं लागतं. सीपीत नाश्त्याचे पैसे भाड्यातच धरले असतील तर तेही या मर्यादेत मोजले जातात. (१८ टक्क्यांच्या टप्प्यात हॉटेलला आपल्या खरेदीवरच्या कराची वजावट मिळते, ५ टक्क्यांत मिळत नाही, त्यामुळे मालकाचा हिशेब पाहुण्याच्या हिशेबाशी जुळेलच असं नाही.) तीन रात्रींच्या मुक्कामात एकाच रात्रीचा दर मर्यादेपलीकडे गेला, तर त्या रात्रीपुरताच १८ टक्के.

सर्व्हिस चार्ज हा सरकारी कर आहे, हा समज मात्र साफ चुकीचा. तो बिलात आपोआप लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं.

समज : हॉटेलला ॲपपेक्षा स्वस्त देताच येत नाही.
ॲपवरच्या बुकिंगमागे हॉटेल कमिशन देतं, त्यामुळे थेट फोन करणाऱ्याला सूट द्यायला वाव असतो. हात बांधलेले असायचे ते करारातल्या ‘आमच्यापेक्षा कमी दर कुठे नको’ या अटीने. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबीबोला २२३ कोटींहून अधिक दंड ठोठावताना हॉटेलांशी केलेल्या करारांतून अशा अटी काढायला सांगितलं. फोनवर दर विचारताना प्लॅन कोणता आणि रक्कम करासह की कराविना, एवढं आधी विचारून घ्यावं.