हृदयाची डागडुजी : आशा आणि पुरावा

अवेळी गावाकडून फोन आला, की परदेशस्थ मनुष्याच्या पोटात गोळा येतो. मामांना हृदयविकाराचा झटका आल्याचे आम्हांस असेच कळले. जीव वाचला, परंतु हृदयाची शक्ती क्षीण झाली. पुढे एका दवाखान्याने मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, टोचून 'हृदय नवे करण्याची' तयारी दर्शविली. घरच्यांनी शेत विकावयाचे ठरवून आमचे मत विचारले. आम्ही संगणकक्षेत्रातले, तरी वाचू लागलो.

झटक्यात हृदयस्नायूच्या शंभर कोटींच्या घरात पेशी मरू शकतात. त्यांच्या जागी व्रण उरतो, आणि व्रण आकुंचन पावत नाही. हृदय स्वतः नव्या पेशी घडविते काय? शीतयुद्धातील अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-14 वाढला होता. पेशींच्या डीएनएमधील त्याच्या प्रमाणावरून त्यांचा जन्मकाळ काढण्याची युक्ती स्वीडनच्या योनास फ्रिसेन यांनी योजिली. 2009 च्या त्यांच्या निष्कर्षानुसार पंचविशीत वर्षाला सुमारे 1 टक्का पेशी नव्या होतात. पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी.

त्याआधीच, 2001 मध्ये, पिएरो अँवेर्सा व सहकाऱ्यांनी अस्थिमज्जेतील पेशींनी उंदराचे हृदय पुन्हा घडते, असा दावा केला होता. 2004 मध्ये इतर प्रयोगशाळांना तसे आढळले नाही. तरीही 2011 मध्ये रुग्णांच्याच हृदयातून काढलेल्या 'सी-किट' पेशींच्या चाचणीचे आशादायी निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापले गेले. अखेर 2018 मध्ये हार्वर्ड आणि बॉस्टनच्या ब्रिगहॅम रुग्णालयाने अँवेर्सांच्या प्रयोगशाळेचे 31 शोधनिबंध मागे घेण्याची शिफारस केली. त्यांत खोटी वा फेरफार केलेली माहिती असल्याचे त्यांचे म्हणणे होते. 'लॅन्सेट'नेही तो निबंध 2019 मध्ये मागे घेतला. दावा खोडला गेला 2004 मध्ये, निबंध मागे गेले पंधरा वर्षांनी! आमच्या व्यवसायात सदोष प्रणाली इतका काळ चालू ठेवली, तर कोणी क्षमा करणार नाही.

याचा अर्थ मार्ग खुंटला, असा नव्हे. शिन्या यामानाका यांनी प्रौढ पेशींना पुन्हा मूलावस्थेत नेण्याची रीत शोधली. तिला 2012 चे नोबेल मिळाले. अशा पेशींपासून घडविलेल्या हृदयस्नायूचे पातळ थर ओसाका विद्यापीठात जानेवारी 2020 मध्ये प्रथम एका रुग्णाच्या हृदयावर बसविले गेले. मात्र अडचणी खऱ्या आहेत. 2014 च्या प्रयोगात माकडांच्या हृदयात नवे स्नायू रुजले खरे, पण ठोके अनियमित झाले. परक्याच्या पेशी वापरल्यास प्रतिकारशक्ती दडपणारी औषधेही घ्यावी लागतात.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत : काही रक्तविकारांसारख्या मान्य उपचारांखेरीज मूलपेशींचा वापर केवळ परवानगी असलेल्या चाचणीतच करावा. म्हणून आम्ही मामेभावाला एवढेच सांगितले, "दादा, त्यांच्याकडे चाचणीचा नोंदणी क्रमांक माग. आणि चाचणीच असेल, तर पैसे कशाचे, तेही विचार."

क्रमांक आला नाही. एक रंगीत माहितीपत्रक आले. शेत राहिले. मामा गोळ्या वेळेवर घेतात आणि सकाळी बांधापर्यंत चालून येतात. दम लागतो, म्हणून वाटेत एकदा बसतात.