वास गेला कुठं?

पुण्यातल्या एका अंधशाळेत नववीचा विज्ञानाचा तास सुरू आहे. प्रत्येकासमोर उंच काठाचा ट्रे आणि ट्रेमधल्या वस्तूंच्या जागा ठरलेल्या. डावीकडे दोन वाट्या, मध्ये सिरिंज, उजवीकडे तीन बाटल्या. "आधी हात फिरवून घ्या," बाई सांगतात. "काय कुठं आहे ते कळल्याशिवाय झाकण उघडायचं नाही."

बाटल्यांवर ब्रेलच्या पट्ट्या आहेतच, शिवाय गळ्यात रबरबँड अडकवलेत. एक रबर म्हणजे धुण्याच्या सोड्याचं पाणी, दोन म्हणजे लिंबूसत्त्वाचं. रबर नसलेल्या बाटलीत व्हॅनिला इसेन्सचे थेंब घातलेलं पाणी. सिरिंजला सुई नाही, पण दट्ट्याच्या दांडीवर खाचा कापलेल्या आहेत. माझ्या शेजारची मुलगी दट्टा ओढते. नळीच्या तोंडाशी खाच आलेली नखाला लागते, तशी ती थांबते. पाच मिलीलीटर. कुणी बघून सांगायची गरजच नाही.

आम्ल आणि आम्लारी आपण सगळे रंगांवरून शिकलो. निळा लिटमस लाल, लाल लिटमस निळा. डोळसांच्या वर्गात बसलेल्या अंध मुलाला त्या वेळी बहुतेकदा शेजारचा सांगतो, "लाल झाला बघ," आणि तो ते वहीत उतरवतो. याला प्रयोग म्हणणं मला पटत नाही. ती ऐकीव माहिती झाली. आणि दुसरी वाट काही दुर्मीळ नाही. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात कांदा, व्हॅनिला आणि लवंगतेल ही वासावरून ओळख पटवणारी दर्शकं दिलेली आहेत. शाळांनी ती वापरायची तेवढी राहिलीत.

इथं ती वापरात आहेत. दोन्ही वाट्यांत व्हॅनिलाचं पाणी पडतं. डावीत लिंबूसत्त्व, उजवीत सोडा. नाक वाटीत खुपसायचं नाही. तळव्यानं वारा घालत वास आपल्याकडे ओढायचा. डावी वाटी आइस्क्रीमसारखी दरवळते. उजवीशी माझ्या शेजारणीचा हात थबकतो. ती पुन्हा वारा घालते.

"बाई, उजवीतला गेला!"

पलीकडच्या मुलाला थोडं दिसतं. तो वाटी उचलून अगदी डोळ्यांजवळ नेतो, उजेडात तिरकी करतो. काही हाती लागत नाही, तेव्हा तोही वारा घालू लागतो.

"पण गेला कुठं?" मागून कुणीतरी विचारतं.

"तुम्हीच शोधा. उजव्या वाटीत दोन रबरवाली बाटली. थोडं थोडं घाला."

वाट्या फसफसू लागतात. एक मुलगा कान लावून ऐकतो, आवाज थांबेपर्यंत थेंब सोडत राहतो. मग वारा घालतो आणि टेबलावर थाप मारतो. "आला परत!"

आता बाई समजावतात. सोड्यामुळे व्हॅनिलाच्या वासाचा पदार्थ क्षाराच्या रूपात जातो. क्षार हवेत उडत नाही, म्हणून नाकापर्यंत पोचत नाही. आम्ल घातलं की मूळ पदार्थ मोकळा होतो. टिपणं घेताना ब्रेलच्या पाट्यांवर सळया टकटकू लागतात, उजवीकडून डावीकडे, कागदाच्या मागच्या बाजूनं.

अंध माणसानं निरीक्षणाचं शास्त्र करावं कसं, असं विचारणाऱ्यांना मला गेरात व्हर्मे यांचं नाव सांगावंसं वाटतं. 1946 साली नेदरलँड्समध्ये जन्मलेले, तिसऱ्या वर्षी दृष्टी गेलेले हे शास्त्रज्ञ शंख-शिंपल्यांचे मोठे अभ्यासक. खेकड्यांच्या हल्ल्यात फुटून पुन्हा जुळलेल्या शंखांवरचे वण त्यांनी बोटांनी वाचले.

वर्गात एव्हाना वाद पेटलाय. "सोड्याऐवजी साबणाचं पाणी घालून बघू," एकाचं म्हणणं. शेजारीण लगेच अडवते, "साबणालाच वास असतो. मग व्हॅनिलाचा गेला हे कळणार कसं?" बाई मध्ये पडत नाहीत. बिनवासाचं काय असतं यावर घासाघीस सुरू होते. चुना सुचतो, पण बाई तो डोळ्यांत जायच्या भीतीनं नाकारतात.

"राख!" खेड्यातून आलेला एक मुलगा म्हणतो. "आजी भांडी घासते ती. राखेचं पाणी बोटाला बुळबुळीत लागतं, सोड्यासारखंच."

"राख इथं कुठनं आणायची?"

"कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे. तो कोळशाची इस्त्री वापरतो."

बाई क्षणभर विचार करतात. "गार झालेलीच आणायची. आणि दोघांनी जायचं." दोन पांढऱ्या काठ्या दाराकडे निघतात. बाकीचे आत्तापासूनच सिरिंज धुवायला लागलेत.